चारचौघं म्हणतात म्हणून साक्ष देऊ नकोस

संडे स्कूलमध्ये आमच्याकडून एक वचन पाठ करून घेतलं होतं. बायबलमधलं निर्गम हे पुस्तक, अध्याय २३, वचन २. त्याचा आशय असा: पुष्कळ जण करतात म्हणून त्यांच्या मागे जाऊन वाईट करू नकोस, आणि एखाद्या वादात बोलायला उभा राहिलास तर पुष्कळांच्या बाजूला झुकून न्याय वाकडा करू नकोस. बाईंनी अर्थ सांगितला होता, "वाईट संगत धरायची नाही." त्या वयाला तेवढा पुरेसा होता.

बऱ्याच वर्षांनी तो अध्याय सलग वाचला तेव्हा लक्षात आलं की वचनाचा दुसरा अर्धा भाग थेट कोर्टातला आहे. आसपासचंही बहुतेक कोर्टातलंच आहे. पहिलं वचन म्हणतं, खोटी आवई उठवू नकोस, दुष्टाशी हातमिळवणी करून साक्ष देऊ नकोस. सहावं म्हणतं, गरिबाचा न्याय बुडवू नकोस. सातवं म्हणतं, निर्दोषाचा जीव घेऊ नकोस. आठवं लाच घेऊ नकोस म्हणतं, कारण लाच डोळस माणसालाही आंधळं करते. हे सगळं साक्षीदाराला आणि न्याय करायला बसलेल्याला सांगितलं आहे. तेव्हापासून हे वचन मला पूर्वीपेक्षा फार जड वाटतं. वाईट संगत सोडता येते. पण अख्खं गाव एका बाजूला उभं असताना साक्षीला उभं राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात पाणी भरायला जायचं, हे वेगळंच प्रकरण आहे.

ते किती वेगळं होतं हे कळण्यासाठी त्या काळचं कोर्ट डोळ्यांसमोर आणावं लागतं. प्राचीन इस्राएलात न्याय होई तो गावाच्या वेशीत. तटबंदीच्या दरवाजाशी थोडी मोकळी जागा असे आणि तिथे बसायला दगडी कट्टे असत. इस्राएलच्या उत्तरेला तेल दान इथे उत्खननात वेशीजवळचं असं बाक सापडलंही आहे. गावातले वडीलजन तिथे बसत. बायबलमधल्या रूथच्या गोष्टीत बवाज नावाचा शेतमालक वेशीत जाऊन बसतो, दहा वडीलजनांना बोलावतो आणि जमिनीचा व लग्नाचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. शेतावर जाणारे, बाजाराला आलेले, रिकामे, सगळे आजूबाजूला उभे असतात.

या कोर्टात पोलीस नव्हते, सरकारी वकील नव्हता, आरोपीचाही वकील नव्हता. आरोप करणारा बहुतेक वेळा साक्षीदारच असे. आणि शिक्षा मृत्यूची असेल तर ती द्यायला वेगळा जल्लाद नसे. गावानेच धोंडे उचलायचे. म्हणजे जी गर्दी ऐकायला जमली, तीच निकालावर दबाव आणणार आणि तीच निकाल बजावणार. आपल्याकडे न्यायाधीश वेगळा, बघे वेगळे, तुरुंग वेगळा. तिथे या तिन्हींच्या मध्ये भिंतच नव्हती. गर्दीचा दबाव हा त्या न्यायपद्धतीत बाहेरून घुसणारा दोष नव्हता, तो तिच्या बांधणीतच होता. म्हणून तो आवरायला खास नियम लागला.

आता शब्द जरा जवळून बघू. हिब्रूत 'पुष्कळ' यासाठी इथे 'रब्बीम' असा शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ अनेक. पण तो 'मोठे', 'बलवान' असाही घेता येतो आणि काही भाषांतरकारांनी तसा घेतला आहे. मला दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येतात, कारण गावात पुष्कळांचं मत म्हणजे बहुधा चार मोठ्या घरांचं मत असतं. बाकीचे माना डोलावतात. दुसरा शब्द कलण्याचा, वाकवण्याचा. त्याचं धातुरूप या एका वचनात दोनदा येतं: आधी साक्षीदार स्वतः पुष्कळांकडे कलतो, मग न्याय वाकतो. सहाव्या वचनात गरिबाच्या संदर्भात तोच धातू पुन्हा येतो. हा क्रम मला फार खरा वाटतो. अन्याय करायचा असं ठरवून वेशीत येणारे थोडे असतात. बहुतेक जण फक्त जरासे कलतात.

तिसऱ्या वचनापाशी पुष्कळ वाचक अडखळतात. गरिबाच्या वादात त्याची बाजू उचलून धरू नकोस, असं ते सांगतं. ज्या कायद्यात परदेशी, विधवा आणि अनाथ यांच्यासाठी इतकी कळकळ आहे, त्यात हे कसं? काही अभ्यासकांना तर इथे मूळ शब्द 'थोर' असावा आणि नकलेत एक अक्षर गळलं असावं अशी शंका येते. पण बायबलच्या लेवीय या पुस्तकात, १९:१५ मध्ये, दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी सांगितल्या आहेत: गरिबाकडे बघून झुकू नका, थोराचा मान राखून झुकू नका. त्यामुळे आहे तसाच मजकूर मला पटतो. गर्दी नेहमी धनवानाच्याच बाजूची नसते. कधी तिचे डोळे पाणावलेले असतात, ती मनापासून कळवळलेली असते, आणि तरीही समोरच्या माणसाने ते केलेलंच नसतं. गरिबाला मदत करायला शेतातलं उरलेलं पीक आहे, सातव्या वर्षीची कर्जमाफी आहे, संध्याकाळच्या आत मजुरी देण्याचा हुकूम आहे. मात्र साक्ष खोटी देऊन त्याला मदत करायची नाही.

आणि मग मध्येच, चौथ्या-पाचव्या वचनात, वैऱ्याचा बैल येतो. तुझ्या शत्रूचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर त्याच्याकडे नेऊन पोचव. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर त्याला उठवायला हात लाव. कोर्टाच्या नियमांत जनावरं कुठून आली? माझं वाचन असं आहे: वेशीत आरोपी म्हणून जो उभा असतो तो अनेकदा असाच नावडता माणूस असतो. ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे, ज्याच्याशी कोणी बोलत नाही. त्याच्याविरुद्ध गाव एक व्हायला वेळ लागत नाही. ज्याने आडवाटेला, कोणी बघत नसताना, त्या माणसाचं गाढव उठवलेलं आहे, त्याला वेशीत त्याच्याविषयी खरं बोलणं थोडं सोपं जात असेल.

नियम मोडला की काय होतं, याची गोष्ट बायबलमध्येच सांगितलेली आहे. ती १ राजे, अध्याय २१ मध्ये येते.

इज्रेल गावात नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता, राजा अहाबाच्या वाड्याला लागून. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने बरा सौदा देऊ केला: याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख किंमत घे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी तुम्हाला द्यावं असं देव न करो. मराठी बायबलातला हा 'वतन' शब्द आपल्याला लगेच भिडतो. त्यात पिढ्यांचा हक्क आहे, घराण्याचं नाव आहे आणि विकता न येण्याची भावना आहे. इस्राएलच्या कायद्यातही जमीन कायमची विकायला बंदी होती, कारण ती देवाची मानली जाई. राजा रुसला, पलंगावर तोंड फिरवून पडला, जेवेना. मग राणी ईजबेलने सूत्रं हातात घेतली.

तिने सैनिक पाठवले नाहीत. तिने पत्रं लिहिली, राजाच्या नावाने, राजाची मोहोर लावून, आणि ती नाबोथाच्याच गावातल्या वडीलजनांना व प्रतिष्ठितांना पाठवली. पत्रात लिहिलं होतं: उपासाचा दिवस जाहीर करा. नाबोथाला लोकांपुढे मानाच्या जागी बसवा. त्याच्यासमोर दोन नीच माणसं बसवा. त्यांनी म्हणावं, याने देवाला आणि राजाला शाप दिला. मग त्याला बाहेर नेऊन धोंडमार करा.

प्रत्येक पायरी कायद्याप्रमाणे आहे. मृत्युदंडाला दोन साक्षीदार लागतात, ते आहेत. देवाच्या निंदेला धोंडमाराची शिक्षा आहे, ती दिली. शिक्षा वस्तीबाहेर द्यायची, तशी दिली. शिवाय उपास, म्हणजे गावावर काही मोठं पाप ओढवलंय अशी आधीच तयार केलेली हवा. लोक घाबरलेले, भुकेले, कोणामुळे हे संकट आलं ते शोधणारे. अशा सभेत दोन माणसं उठून बोट दाखवतात.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त छळतात ते ते दोन साक्षीदार नव्हेत. पैसे घेऊन खोटं बोलणारे कुठेही मिळतात. छळतात ते वडीलजन. ते नाबोथाला ओळखत होते. त्याच्या बापाला ओळखत असतील. पत्र त्यांनी वाचलं होतं, म्हणजे साक्ष खोटी आहे हे त्यांना सभेआधीच माहीत होतं. एकानेही विचारलं नाही की शाप कधी दिला, कुठे दिला, आणखी कोणी ऐकला. सभेतलं त्यांचं एकही वाक्य बायबल नोंदवत नाही. एवढंच म्हणतं की पत्रात लिहिलं होतं तसं त्यांनी केलं. मग ईजबेलला निरोप गेला: नाबोथाला धोंडमार झाली, तो मेला. पुढे २ राजेमध्ये ओझरता उल्लेख येतो की त्याच्या मुलांचंही रक्त सांडलं होतं. बहुधा वतनाला वारस उरू नये म्हणून.

संदेष्टा एलीया मळ्यात राजाला गाठतो आणि विचारतो, "तू खून करून वतनही बळकावलंस काय?" धोंडा राजाच्या हातात नव्हता, आणि तरीही प्रश्न त्यालाच विचारला गेला. पण निर्गम २३:२ च्या बाजूने बघितलं तर उरलेला प्रश्न वेशीत बसलेल्यांना आहे.

म्हणजे केवळ 'पुष्कळांच्या मागे जाऊ नकोस' म्हणून भागत नाही. एकटा माणूस गर्दीपुढे उभा राहील ही अपेक्षा ठेवायची तर त्याला उभं राहायला काही आधार द्यावा लागतो. मोशेच्या नियमशास्त्रात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतल्या कायद्यात, असे काही आधार आहेत. एकाच्या साक्षीवर कोणाला मारायचं नाही. साक्षीदाराने पहिला धोंडा स्वतः टाकायचा ('अनुवाद' नावाचं पुस्तक, १७:७). त्यामुळे गर्दीत लपून मारता येत नाही; जो बोलला त्याच्याच हाताने सुरुवात, आणि ती सगळ्यांदेखत. येशूने व्यभिचाराच्या आरोपातल्या बाईभोवती जमलेल्या घोळक्याला "ज्याच्यात पाप नाही त्याने पहिला धोंडा टाकावा" असं म्हटलं, ते याच नियमाच्या आधारावर. त्याने घोळक्यातून एकेक माणूस सुटा केला, आणि मग ते एकेक करून, म्हाताऱ्यांपासून सुरुवात होऊन, निघून गेले. तिसरा आधार: साक्ष खोटी निघाली तर आरोपीला जी शिक्षा व्हायची होती ती साक्षीदाराला द्यायची (अनुवाद १९).

न्याय करणाऱ्यांसाठीही एक वाक्य आहे, अनुवाद १:१७ मध्ये. हिब्रूतला वाक्प्रचार शब्दशः 'तोंडं ओळखू नका' असा आहे. मराठीत आपण 'तोंड बघून निवाडा केला' म्हणतो, अगदी तसंच. पुढे म्हटलं आहे: कोणा माणसाला भिऊ नका, कारण न्याय देवाचा आहे. आपल्याकडे 'पाचामुखी परमेश्वर' म्हणतात. पाच जण एका तोंडाने बोलले की तो देवाचाच शब्द. मोशेचं वाक्य नेमकं दुसऱ्या टोकाला उभं आहे. न्याय देवाचा आहे, म्हणूनच पाच जणांच्या तोंडाकडे बघायचं नाही.

या बीजातून पुढे ज्यू पंडितांनी जे उभारलं ते मला मानवी बुद्धीच्या सुंदर कामांपैकी एक वाटतं. इ.स. २०० च्या सुमारास मिश्ना नावाचा कायद्याचा संग्रह तयार झाला. त्यात 'सन्हेद्रिन' नावाचं प्रकरण आहे, कोर्टाविषयीचं. एक गोष्ट आधी सांगायला हवी: इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं होतं आणि हे लिहिलं गेलं तेव्हा ज्यू कोर्टांना मृत्युदंडाचा अधिकार राहिला नव्हता. त्यामुळे यातलं किती प्रत्यक्षात चाललं आणि किती आदर्श म्हणून मांडलं याबद्दल इतिहासकार सावध असतात. आदर्श म्हणून घेतलं तरी त्यात गर्दीच्या दबावाची जी बारीक जाण आहे ती थक्क करते.

जीवन-मरणाच्या खटल्याला तेवीस न्यायाधीश. ते अर्ध्या खळ्यासारखे अर्धगोलात बसत, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसे. पैशाच्या वादात मत द्यायला सर्वांत ज्येष्ठापासून सुरुवात होई. जिवाच्या खटल्यात मात्र कडेला बसलेल्या कनिष्ठापासून. कारण उघड आहे: मोठ्याने आधी 'दोषी' म्हटलं की लहानाची जीभ उचलत नाही. याला पंडितांनी आधार काढला तो याच वचनातला. 'वादात' यासाठीचा हिब्रू शब्द इथे एक अक्षर गाळून लिहिला आहे, त्यामुळे तो 'थोर' असाही वाचता येतो; म्हणून थोराने बोलून झाल्यावर त्याच्याविरुद्ध बोलायची वेळ कोणावर येऊ नये.

निर्दोष सोडायला एका मताचं आधिक्य पुरे. दोषी ठरवायला निदान दोन मतांचं हवं. सोडायचं असेल तर त्याच दिवशी निकाल; मारायचं असेल तर रात्र मध्ये जाऊ द्यायची, म्हणून शब्बाथाच्या (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) किंवा सणाच्या आदल्या दिवशी असा खटला चालवायचाच नाही. त्या रात्री न्यायाधीशांनी जोडी-जोडीने बसून, थोडं खाऊन, दारू न पिता, प्रकरण पुन्हा बोलून बघायचं. आदल्या दिवशी 'दोषी' म्हणणारा सकाळी मत बदलून 'निर्दोष' म्हणू शकतो. आदल्या दिवशी 'निर्दोष' म्हणणाऱ्याला मात्र उलट फिरता येत नाही. रात्रीत गावाचा दबाव कोणत्या दिशेने येतो हे हा नियम करणाऱ्यांना ठाऊक असणार.

साक्षीदाराला आत घेतल्यावर आधी बजावायचं: तू अंदाजाने बोलत नाहीस ना? ऐकीव सांगत नाहीस ना? 'एका विश्वासू माणसाकडून कळलं' असं तर नाही ना? पैशाच्या दाव्यात चूक झाली तर पैसे भरून सुटता येतं. इथे त्याचं रक्त आणि त्याच्या पोटी येणाऱ्या सगळ्यांचं रक्त तुझ्यावर. मग प्रश्न: कोणतं वर्ष, कोणता महिना, तारीख, वार, घटका, जागा. साक्षीदार वेगवेगळे तपासायचे. इज्रेलच्या वेशीत हे दोन-तीन प्रश्न विचारले गेले असते तर नाबोथ घरी गेला असता.

सुसान्नेच्या गोष्टीत ते विचारले गेले. वसईच्या कॅथलिक घरातल्या बायबलमध्ये ही गोष्ट दानीएलच्या तेराव्या अध्यायात सापडेल. प्रोटेस्टंट बायबलमध्ये हा अध्याय नाही. दोन म्हातारे न्यायाधीश तिच्यावर खोटा आळ घेतात, आणि सभा विश्वास ठेवते, कारण बोलणारे वडीलजन आहेत. तिला मारायला नेत असताना दानीएल नावाचा तरुण ओरडतो, हिच्या रक्ताचा दोष माझ्यावर नाही. तो दोघांना वेगळं करून एकच विचारतो: कोणत्या झाडाखाली? दोघं दोन वेगळी झाडं सांगतात.

मिश्नातला एक तपशील मी कधी विसरू शकत नाही. आरोपीला शिक्षेच्या जागी नेत असताना कोर्टाच्या दाराशी एक माणूस हातात कापड घेऊन उभा करायचा. दूर, पण त्याला दिसेल इतक्या अंतरावर, एक घोडेस्वार. कोर्टात कोणी म्हणालं, मला याच्या बाजूने काही सांगायचंय, की कापड हलवायचं आणि घोडेस्वाराने धावत जाऊन मिरवणूक थांबवायची. आरोपी स्वतः म्हणाला तरी परत आणायचं, चार-पाच वेळा आणावं लागलं तरी, बोलण्यात तथ्य असेल तर. पुढे दवंडी देणारा चालतो: अमक्याचा मुलगा अमका, या गुन्ह्यासाठी, या साक्षीदारांच्या शब्दावर नेला जात आहे, याच्या बाजूचं काही माहीत असेल त्याने पुढे यावं. आधी ज्या गर्दीने फक्त ओरडायचं असतं, तिलाच इथे विचारलं आहे की तुमच्यातल्या कोणाला काही ठाऊक आहे का.

तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या पंडितांच्या चर्चांच्या संग्रहात, राव काहाना यांच्या नावावर याहूनही अचंब्याचं वाक्य आहे: सगळे न्यायाधीश एकमताने 'दोषी' म्हणाले तर आरोपीला सोडून द्या. याची स्पष्टीकरणं अनेक झाली आहेत. मला पटतं ते असं की तेवीसपैकी एकालाही आरोपीच्या बाजूचा एकही मुद्दा सुचला नसेल, तर त्या खोलीत विचार झालेलाच नाही.

इथे एक गाठ आहे आणि ती प्रामाणिकपणे सोडवली पाहिजे. याच वचनाच्या शेवटच्या तीन हिब्रू शब्दांवरून, 'अखरे रब्बीम लहटोत', पंडितांनी उलटा नियमही काढला: पंडितांत मतभेद झाला तर बहुमताप्रमाणे चालायचं. तालमूदमधली एक प्रसिद्ध कथा यावरच आहे. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून रब्बी एलिएझर एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे. एलिएझरच्या बाजूने झाड उपटून दूर जातं, पाणी उलटं वाहतं, आकाशवाणीही होते. रब्बी यहोशुआ उभे राहून म्हणतात, नियमशास्त्र आता स्वर्गात नाही. म्हणजे ते माणसांना दिलं आहे आणि माणसांनी मतं मोजून ठरवायचं आहे.

मग पुष्कळांच्या मागे जायचं की नाही? अकराव्या शतकातला फ्रान्समधला ज्यू भाष्यकार राशी स्पष्ट सांगतो की पंडितांचे हे अर्थ वचनाच्या भाषेवर नीट बसत नाहीत. वचनाचा सरळ अर्थ एवढाच की दुष्ट लोक न्याय वाकवताना दिसले तर 'ते पुष्कळ आहेत' म्हणून त्यांच्या मागे जाऊ नकोस. बाराव्या शतकातला ज्यू पंडित मायमोनिडीझ गाठ आणखी उकलतो. स्वतः विचार न करता, 'अमका म्हणतोय तर बरोबरच असेल' म्हणून मत देणारा न्यायाधीश या वचनाचा भंग करतो, असं त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे मतं मोजायला हरकत नाही, पण प्रत्येक मत आधी कोणीतरी स्वतः बनवलेलं असलं पाहिजे. तेवीसमधल्या वीस जणांनी तिघांचं ऐकून हात वर केला असेल तर ती मतं तीनच आहेत.

आणि भट्टीच्या कथेचा उत्तरार्धही सांगायला हवा, कारण तो बहुतेक वेळा गाळला जातो. बहुमत जिंकल्यावर एलिएझरला वाळीत टाकलं गेलं. तो रडला, आणि तालमूद म्हणतो, त्याच्या अश्रूंनी पिकं करपली. ही कथा तालमूदमध्ये येते ती दुसऱ्याला शब्दांनी दुखावण्याच्या पापाच्या चर्चेत. निकाल बहुमताचा राहिला, पण एकट्या माणसाशी पुष्कळ जण कसे वागले याचा हिशेबही तिथेच लिहून ठेवला आहे.

बायबलमध्ये गर्दीला शरण गेलेल्यांची यादी लांब आहे. हा नियम दिल्यावर नऊच अध्यायांनी मोशेचा भाऊ अहरोन लोकांच्या आग्रहाखातर सोन्याचं वासरू घडवतो आणि मोशेला सांगतो, मी सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं. शौल राजा कबूल करतो, मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. रोमन सुभेदार पिलाताबद्दल शुभवर्तमानात मार्क लिहितो की जमावाला खूश करावं म्हणून त्याने बरब्बा नावाच्या कैद्याला सोडलं आणि येशूला वधस्तंभासाठी सोपवलं. त्याच प्रकरणात लूक एका माणसाची वेगळी नोंद करतो: अरिमथाईकर योसेफ, न्यायसभेचा सदस्य, ज्याने सभेच्या ठरावाला संमती दिली नव्हती.

पण गर्दी थांबलेलीही एक जागा आहे. यिर्मया, अध्याय २६. इ.स.पू. ६०९ च्या सुमारास, यहोयाकीम राजाच्या कारकिर्दीच्या आरंभी, संदेष्टा यिर्मया यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणात उभा राहून म्हणतो की तुम्ही बदलला नाहीत तर हे मंदिर ओस पडेल. याजक, संदेष्टे आणि सगळे लोक त्याला धरतात: तू मेलाच पाहिजेस! सरदार राजवाड्यातून येतात आणि नव्या वेशीत बसतात, म्हणजे घोळक्याचं कोर्ट होतं. आरोपीला बोलू दिलं जातं. यिर्मया गयावया करत नाही. म्हणतो, मी तुमच्या हातात आहे, पण मला मारलंत तर निर्दोष रक्त या नगरावर येईल. मग काही वडीलजन उठतात आणि जुना दाखला देतात: हिज्कीया राजाच्या दिवसांत मोरष्टकर मीखा हा संदेष्टा हेच बोलला होता, सियोन (म्हणजे यरुशलेम) शेतासारखं नांगरलं जाईल असं, राजाने त्याला मारलं का? शंभरेक वर्षं जुनी गोष्ट कोणालातरी आठवत होती.

कथाकार इथे 'सगळे लोक' हे शब्द पुन्हा पुन्हा वापरतो. आधी ते याजकांबरोबर ओरडत असतात, थोड्या वेळाने ते सरदारांबरोबर म्हणत असतात की या माणसाला मृत्युदंड नको. गर्दी तीच होती. मधल्या वेळात तिला बसवून ऐकवलं गेलं होतं.

आणि लगेच पुढे, भीती कायम राहावी म्हणून की काय, उरीया नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याची नोंद आहे. त्यानेही तेच शब्द उच्चारले, मिसरात पळाला, राजाने त्याला आणवलं आणि तलवारीने मारलं. त्याच्यासाठी कोणी वेशीत बसलं नाही.

अध्यायाचं शेवटचं वाक्य एका माणसाबद्दल आहे. शाफानचा मुलगा अहीकाम याचा हात यिर्मयाबरोबर होता, म्हणून त्याला मारण्यासाठी लोकांच्या हाती दिलं गेलं नाही. अहीकाम काय बोलला ते लिहिलेलं नाही. पण तो कोण होता हे २ राजे, अध्याय २२ मध्ये सापडतं. तेरा-एक वर्षांपूर्वी मंदिराच्या डागडुजीत नियमशास्त्राची गुंडाळी मिळाली होती. ती राजा योशीयाला वाचून दाखवणारा शाफान त्याचा बाप. ऐकून राजाने कपडे फाडले आणि हुल्दा संदेष्ट्रीकडे जी माणसं पाठवली, त्यांत अहीकाम होता. ती गुंडाळी म्हणजे अनुवादाचाच गाभा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तोंडं बघून न्याय करू नका, कोणा माणसाला भिऊ नका, असं सांगणारा तो ग्रंथ.